मरणांची मोजदाद

एका चौथऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत जाणाऱ्या नायकाचे खेळ आतां मोबाईलवर पुष्कळ झाले आहेत. त्यांतील कांहीं मुद्दाम जुन्या वळणाचे आणि मुद्दाम अवघड असतात. हा अवघडपणा आला कोठून, असें विचारल्यास बहुतेक लोक रचनाकाराच्या क्रौर्याकडे बोट दाखवितात. खरें उत्तर गल्ल्यांत आहे.

१९८१ सालीं निन्टेन्डो या जपानी कंपनीचें ‘डाँकी काँग’ हें यंत्र बाजारांत आलें. शिगेरु मियामोतो यांनीं रचलेल्या या खेळांतील नायकास आरंभीं ‘जंपमॅन’ म्हणत. नाणें टाकावें, मोजके प्राण मिळावे, ते संपले कीं पुन्हां नाणें. खेळाडूस किती प्राण द्यावयाचे हेंसुद्धां यंत्राच्या मालकास ठरवितां येई! एका नाण्यावर कोणी तासभर खेळूं लागला तर मालकानें खावें काय?

पुढें खेळ घरीं आला, गल्ला सुटला. कठीणपणा सुटला नाहीं. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला होता. एवढ्या जागेंत मावणारा रस्ता लांब वाटावयाचा, तर तो पुन्हां पुन्हां तुडवावा लागला पाहिजे. १९८६ चा जपानी दुसरा भाग तर इतका जड कीं, कंपनीच्या अमेरिकन शाखेनें तो नाकारला आणि १९८८ सालीं त्याच नांवानें तेथें वेगळाच खेळ विकला.

आयरिश रचनाकार टेरी कॅव्हॅनॉ यांच्या २०१० सालच्या खेळांत या दोहोंपैकीं एकही कारण उरलेलें नाहीं. त्याचें नांव म्हणजे ओळीनें सहा ‘व्ही’. दिसतात थेट खेळांतील खिळ्यांसारखे. २०१४ सालीं तो मोबाईलवर आला. यांतील कप्तानास उडी मारतां येत नाहीं. तो गुरुत्वाकर्षणच उलटें करतो आणि छताकडे पडतो. एके ठिकाणीं बेताच्या उंचीच्या ठोकळ्यापलीकडे एक चकाकणारी वस्तु दिसते. उडी असती तर निमिषाचें काम. ती नाहीं, म्हणून खिळ्यांनीं भरलेल्या खोल्यांमागून खोल्या ओलांडीत वर पडत जावयाचें, आणि त्याच खोल्यांतून तितक्याच जपून खालीं पडत यावयाचें. एक चूक झाली कीं आरंभापासून. बरें, ती वस्तु घेतलीच पाहिजे असेंही नाहीं! प्राण अगणित आहेत. मेलें कीं क्षणांत जवळच्या ठाण्यावर पुन्हां उभे. पूर्वीची कठिणता जकातीच्या जातीची होती, ही व्रताच्या जातीची आहे. खेळ संपल्यावर मात्र एकूण किती वेळां मेलों आणि कोणती खोली सर्वांत जड गेली, याचा हिशेब पुढें येतो.

मोबाईलनें यांत एक जाच वाढविला. कांचेवर बटणाची कड बोटाला लागत नाहीं. आंगठा सरकला हें मेल्यावर कळतें. ही कठिणता कोणीच योजिलेली नाहीं, म्हणून तिचाच राग अधिक येतो. निन्टेन्डोनें २०१६ च्या ‘सुपर मारिओ रन’मध्यें नायकास आपोआप धांवावयास लावून यावर तोड काढली. सोय झाली खरी, परंतु केव्हां थांबावें हें ठरविण्याचा खेळाडूचा हक्क बहुतांशीं गेला. आम्हांस तो सौदा महाग वाटतो.

त्या ठोकळ्यापाशीं आमचा आंकडा दोनशेंच्या वर गेला आहे. वस्तु अजून पलीकडेच आहे.