भोंगा, धोटा आणि नाम

वारकरी संप्रदायात काम आणि नाम यांची फारकत कधीच नव्हती. आपली संतमालिकाच पाहा. अरणचे सावतोबा मळ्यात, तेरचे गोरोबाकाका चाकापाशी, नरहरी महाराज सोनाराच्या भट्टीपाशी, सेना महाराज धोकटी काखेला लावून. यांच्यापैकी कोणी धंदा टाकून भक्ती केली नाही. हे आपण कीर्तनातून नेहमी ऐकतो. पण या सर्वांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समान होती, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. खुरपे, चाक, हातोडी, वस्तरा ही अवजारे त्यांच्या स्वतःच्या हातातली होती. हात थांबला की चाक थांबे. नामाच्या लयीवर कामाची लय धरता येई, आणि एकादशी आली तर भट्टी विझवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे.

पुढे यंत्र आले. यंत्राला स्वतःची लय असते आणि ती लय त्याच्यापाशी उभा राहणारा ठरवीत नाही. मग त्या भाविक कामगाराच्या नेमधर्माचे काय झाले? यंत्र बसवणाऱ्याने त्याच्यासाठी जागा ठेवली का? याचा इतिहास आपल्या मुंबईच्या गिरणगावात स्वच्छ वाचायला मिळतो.

कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन केली आणि दोन वर्षांनी ताडदेवला ती चालू झाली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांची रांग उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. येताना त्यांनी टाळ, मृदंग आणि गळ्यातली तुळशीची माळ बरोबर आणली. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत वळकट्या बाजूला सारून भजने होऊ लागली. उमेदीच्या काळात मी स्वतः त्या चाळींतून कीर्तने केली आहेत. दुसरी पाळी सुटल्यावर मंडळी हातपाय धुऊन बसत, आणि पहिल्या पाळीचे लोक तोवर जागे राहत. कापसाचे तंतू केसांत तसेच असत. साचेखात्यात यंत्रांचा आवाज एवढा की शेजारच्याचे बोलणे ओठांवरून ओळखावे लागे. तिथे नाम घ्यायचे ते ओठांतल्या ओठांतच. ही मंडळी रात्री मोकळ्या गळ्याने गात, ते दिवसभराचे साठलेले असे.

पण सुरुवातीला गाण्यापुरताही वेळ नव्हता. काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. सणाच्या दिवशी गिरणी बंद राहिली तर राहिली. रविवारी बंद ठेवलीच तर अर्धा दिवस यंत्रे पुसण्यात जाई. यंत्राला सफाई हवी हे मालकाला कळत होते. माणसाला विसावा हवा हे कळायला मात्र वेळ लागला. १८८१ च्या कारखाना कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, त्या फक्त लहान मुलांना.

या ठिकाणी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. महात्मा फुले यांचे ते सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांच्या निवेदनात काय मागितले होते? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर, आणि जखमी झालेल्याची काही सोय. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार भगिनीही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवारच का? साहेबाच्या दृष्टीने तो चर्चचा दिवस. पण गिरणगावातल्या कुणब्याच्या, मराठ्याच्या, धनगराच्या घरी रविवार म्हणजे खंडोबाचा वार. लोखंड्यांनी जेजुरीच्या देवाचा हा वार पुढे केला, ही आठवण महाराष्ट्रात आजही सांगितली जाते. त्यातले शहाणपण बघा. देवाच्या नावाने मागितलेला दिवस सर्वांना मिळाला. ज्याला देवपूजा करायची त्याने ती करावी, ज्याला झोपायचे त्याने झोपावे. तरीही सगळ्यांचे त्यात भागले नाही. मदनपुऱ्याच्या मुसलमान विणकराची जुम्म्याची नमाज शुक्रवारी, आणि आपली एकादशी तर तिथीप्रमाणे येणार, तिला वाराचे बंधन कुठले! एका मापाचा अंगरखा सर्वांना बसत नाही. म्हणून कामाच्या रचनेत थोडी सैल जागा लागते. गिरणीत ती ‘बदली’च्या रूपाने होती. शिमग्याला, गणपतीला, आषाढीला एकजण गावी जाई, त्याच्या साच्यावर दुसरा उभा राही. सोय झाली खरी, पण तिचे मोल त्या बदली कामगाराने मोजले. रोज सकाळी तो गिरणीच्या दारात उभा असे, काम मिळेल की नाही या धास्तीत. एकाची वारी दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन होऊ नये, हेही या इतिहासातून शिकायचे.

सुट्टीनंतर घड्याळाची पाळी आली. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशाला एक प्रमाणवेळ लावली. ती मुंबईच्या मूळ वेळेच्या ३९ मिनिटे पुढे. आगगाडीला आणि तारेला ती सोयीची होती यात शंका नाही. पण सकाळी सहाच्या भोंग्याला कामावर येणाऱ्याला आता सूर्याच्या हिशेबाने पाच वाजून एकवीस मिनिटांनीच हजर व्हायचे होते. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी काम बंद पाडले, दगडही फेकले. वरवर पाहता चाळीस मिनिटांसाठी एवढा कल्लोळ कशाला, असे वाटेल. परंतु स्नान, तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, मुसलमान बांधवांची पहाटेची नमाज, या सर्वांची वेळ सूर्य ठरवतो. भोंगा तेवढा पुढे सरकला आणि सूर्य जागच्या जागी राहिला. मधली ३९ मिनिटे गेली ती कामगाराच्या झोपेतून आणि नेमातून. मुंबई शहराने आपली जुनी ‘मुंबई वेळ’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे जपली, यावरून लोकांना ते किती लागले असेल याची कल्पना येते.

त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोपर्यंत सूर्य मावळला की काम थांबे; अंधार हीच कामगाराची सुट्टी होती. दिव्यांमुळे ती सीमा पुसली आणि कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले. दिवा वाईट नव्हता. त्याच दिव्याखाली रात्रशाळा चालल्या, भजने झाली. पण दिवा लावताना ‘आता थांबायचे केव्हा?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो १९११ च्या कायद्याने विचारला आणि प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली.

इथपर्यंतची कथा ऐकायला बरी वाटते, कारण तीत आपण सारे एका बाजूला आहोत. आता जी गोष्ट सांगायची ती आपल्याला टोचणारी आहे, पण ती टाळली तर वारकऱ्याने इतिहास सांगूच नये.

साच्यावर कापड विणताना धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि तिचा दोरा धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचा. त्या काळच्या धोट्यात हे काम तोंडाने करावे लागे. छिद्राला ओठ लावून श्वास ओढला की दोरा बाहेर येई. हा धोटा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाई. झाले, इथे विटाळ आडवा आला! ज्याची सावली चालत नाही त्याने ओठ लावलेला धोटा आम्ही कसा लावायचा, असे म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्य बांधवांना साचेखात्यात येऊ दिले नाही. साचेखात्यात पगार जास्त. दलित कामगारांच्या वाट्याला कमी पगाराची खाती आली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला: कामगारांची एकी म्हणता, मग साचेखात्याचे दार आमच्यासाठी बंद का?

मुसलमान विणकर आणि सवर्ण हिंदू विणकर त्याच खात्यात काम करीत, हेही लक्षात ठेवावे. दसऱ्याला साच्याला झेंडूची माळ घालून नारळ फोडणारे हातही तेच. यंत्रात देव पाहिला, आणि शेजारच्या माणसात पाहिला नाही.

या प्रश्नाला यंत्राच्या अंगानेही एक उत्तर होते. अमेरिकेत १८९० च्या दशकात नॉर्थ्रप नावाचा माग निघाला. त्याच्या धोट्यात दोरा आपोआप ओवला जाई, तोंड लावावे लागत नसे. १९११ साली तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायचे धोटे कायद्याने बंद केले, कारण त्यातून क्षयासारखे रोग पसरतील ही भीती होती. म्हणजे ज्ञान होते, अवजार होते. ते मुंबईत आणले असते तर कामगारांची छाती वाचली असती आणि विटाळाच्या सबबीचा आधारही गेला असता. मनातला भेद धोट्याने जात नाही, हे खरे. पण भेदाला लपायला जागा तरी उरली नसती.

आपले चोखोबा मजूरच होते. मंगळवेढ्याला वेठीच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि त्यात त्यांनी देह ठेवला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारी समाधी झाली. ज्यांना आत जायला मज्जाव होता, त्यांची समाधी ओलांडून कोणी पुढे जात नाही. तरीही त्यांच्या बांधवांना पंढरीच्या मंदिराचे दार उघडायला १९४७ साल उजाडले आणि साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मंदिराच्या दारावरचा आणि साचेखात्याच्या दारावरचा अडसर एकाच लाकडाचा होता.

यावरून एक कसोटी हाती लागते. कामाच्या ठिकाणी धर्माला जागा द्यावी का, असे विचारले तर वारकऱ्याचे उत्तर ‘अवश्य द्यावी’ हेच असेल. पण कोणत्या धर्माला? जो आचार माणसाला देवाकडे नेतो आणि दुसऱ्याचे काही हिरावत नाही, त्याला यंत्राने वाट द्यावी. जो आचार दुसऱ्याला दाराबाहेर ठेवतो, त्याला धर्म म्हणून सवलत मागता येणार नाही.

आता गिरण्या गेल्या, धुराडी पडली. भोंग्याची जागा मोबाईलने घेतली. कोणाची कोणती पाळी हे संगणक ठरवतो, हजेरी अंगठ्याच्या यंत्रावर लागते. यंत्रे बदलली, प्रश्न तेच आहेत. संगणकाच्या यादीत आषाढी-कार्तिकीची, ईदची, नाताळची, बुद्धपौर्णिमेची रजा आधी नोंदवता येते का? दोघांनी आपसात पाळी बदलायचे ठरवले तर ते यंत्र ऐकते का, आणि त्यात कोणाचा रोजगार बुडत नाही ना? गळ्यात माळ घालणाऱ्याला ‘माळ काढ’ म्हणण्याआधी फिरत्या पट्ट्याला जाळी बसवली आहे का? फिरत्या यंत्राजवळ अंगावर सैल काही नको, हा नियम जीव वाचवणारा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. माळ गळ्यालगत सदऱ्याच्या आत ठेवल्याने विठोबा रागावत नाही. पण आधी जाळी, मग उपदेश, हा क्रम मात्र उलटू नये.

यंत्र घडवणारी आपली मुले-नातवंडे आज पुण्याला, बेंगळुरूला, परदेशात बसली आहेत. त्यांतली कित्येक माळकऱ्यांच्या घरची आहेत. त्यांनी एवढेच करावे: यंत्र बसवण्याआधी त्याच्यापाशी उभे राहणाऱ्या माणसाला चार गोष्टी विचाराव्यात. बाबा, तुझा दिवस कधी सुरू होतो, तुझा नेम काय, तुला अडचण कुठे येते, आणि तुझ्या सोयीने कोणाची गैरसोय तर होत नाही ना? लोखंड्यांनी परळच्या सभेत हेच विचारले होते, म्हणून रविवार मिळाला. धोट्याच्या बाबतीत हे कोणी विचारले नाही, आणि त्याचा डाग आपल्या इतिहासावर राहिला.

रामकृष्णहरि.