उत्तर बरोबर, रीत चूक : आयपॉड, झून आणि तुलनेचा न्याय

गणिताच्या वहीत मास्तर कधीकधी असा शेरा मारीत : ‘उत्तर बरोबर, रीत चूक.’ आणि गुण कापीत. समीक्षेच्या व्यवहारात हा शेरा मारणारे कोणी नसते. एखाद्या कृतीविषयीचा निकाल काळाने खरा ठरविला की त्यामागची रीत तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. आणि निकाल खोटा ठरला तर त्यातील निरीक्षणे कितीही अचूक असली तरी तो निकाल केवळ विनोद म्हणून शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखात अशा दोन निकालांची चर्चा करायची आहे. ते साहित्यकृतींविषयीचे नाहीत, खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रांविषयीचे आहेत. तथापि ‘नव्याला जुन्याशेजारी ठेवून जोखणे’ ही जी क्रिया आपण वर्गात आणि लेखनात नित्य करतो, तिचे गुणदोष या उदाहरणांत फार स्वच्छ दिसतात. कारण येथे वस्तू मोजता येतात आणि पुढे काय झाले हेही ठाऊक आहे.

पहिला निकाल २३ ऑक्टोबर २००१ चा. त्या दिवशी ॲपल कंपनीने आयपॉड सादर केला. त्यात ५ गिगाबाइटची, तोशिबाने बनविलेली १.८ इंची हार्ड डिस्क होती, किंमत ३९९ डॉलर होती आणि जाहिरातीत खिशात हजार गाणी देण्याचे वचन होते. त्याच दिवशी ‘स्लॅशडॉट’ या तंत्रज्ञांच्या वार्तापत्राचे संस्थापक रॉब माल्डा यांनी या बातमीवर अगदी तोकडा शेरा लिहिला. त्याचा आशय असा : यात बिनतारी जोडणी नाही, नोमॅडपेक्षा जागा कमी आहे, म्हणजे यंत्र टाकाऊ.

नोमॅड ज्यूकबॉक्स हे सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे यंत्र २००० साली आले होते. त्यात ६ गिगाबाइटची जागा होती. म्हणजे माल्डा यांचे विधान वस्तुस्थितीला धरून होते. पाच हे सहापेक्षा कमीच असतात. बिनतारी जोडणीही खरोखरच नव्हती. त्यांना आणखीही मुद्दे मांडता आले असते : हे यंत्र तेव्हा फक्त ॲपलच्याच संगणकाशी जोडता येत होते, आणि जगातील बहुसंख्य संगणक विंडोजवर चालत होते. पुढील काळात हा शेरा फसलेल्या भविष्यवाणीचा नमुना म्हणून इतक्या वेळा सांगितला गेला की त्यातील प्रत्येक वाक्य खरे होते ही गोष्ट विस्मरणात गेली.

मग चूक कोठे झाली? जे मोजले त्यात नव्हे, जे मोजायचे म्हणून निवडले त्यात. नोमॅड हा साधारणपणे सीडी प्लेअरच्या आकाराचा होता. तो खिशात मावत नसे. आयपॉडचे वजन सुमारे १८५ ग्रॅम होते. नोमॅड संगणकाशी यूएसबीच्या जुन्या पद्धतीने जोडला जाई आणि तिचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. या वेगाने ६ गिगाबाइट भरायचे तर सिद्धांततःच तासाहून अधिक वेळ लागणार. आयपॉडच्या फायरवायर जोडणीचा कमाल वेग ४०० मेगाबिट होता. ज्याच्यापाशी शेकडो गाणी आहेत त्याला ती भरणे, शोधणे आणि अंगावर बाळगणे या तीन गोष्टी सोप्या व्हायला हव्या होत्या. गाणी शोधण्यासाठी आयपॉडला अंगठ्याने फिरवायचे चक्र होते. गुणांच्या यादीत ‘चक्र’ हा रकानाच नव्हता, कारण यादी नोमॅडवरून तयार झाली होती.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रकार परिचयाचा वाटेल. मुक्तछंद पहिल्यांदा वाचणाऱ्याने ‘यात वृत्त कोठे आहे?’ असे विचारले, तर त्याचे निरीक्षण चूक नसते. वृत्त नाहीच. परंतु वृत्ताने जे काम होत असे ते येथे कशाने होते, हा पुढचा प्रश्न त्याने विचारलेला नसतो. प्रस्थापित कृतीने आपल्या हाती दिलेली मापपट्टी नव्या कृतीवर ठेवली की जुन्यातील प्रत्येक गुण दिसतो. नव्यातील जो गुण पट्टीवर कोरलेलाच नाही तो दिसत नाही.

या गोष्टीला एक उपकथा आहे. गाण्यांच्या याद्या पायरीपायरीने उलगडत नेण्याच्या रचनेचे पेटंट क्रिएटिव्हला २००५ साली मिळाले. २००६ च्या मे महिन्यात तिने ॲपलवर दावा लावला आणि ऑगस्टमध्ये ॲपलने १० कोटी डॉलर देऊन तो मिटविला. ‘नवे’ आणि ‘जुने’ यांतील सीमारेषा समीक्षक समजतात तितकी सरळ नसते, एवढा बोध त्यातून घेता येईल.

दुसरा निकाल पाच वर्षांनंतरचा. मधल्या काळात आयपॉड विंडोजशी जोडता येऊ लागला, एप्रिल २००३ मध्ये ॲपलचे गाण्यांचे दुकान उघडले आणि कालचा आगंतुक आजचा प्रस्थापित झाला. १४ नोव्हेंबर २००६ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याच्यासमोर झून हे यंत्र अमेरिकेत विक्रीस आणले. तुलना अटळ होती, कारण ती कंपनीनेच योजिली होती : जागा आयपॉडइतकीच, ३० गिगाबाइट, आणि किंमतही जवळजवळ तीच, २५० डॉलरच्या आसपास. शिवाय आयपॉडपाशी नसलेल्या तीन गोष्टी होत्या. पडदा २.५ ऐवजी ३ इंचांचा होता, एफएम रेडिओ अंगचाच होता, आणि माल्डा यांनी २००१ मध्ये मागितलेली बिनतारी जोडणीही होती.

या वेळी परीक्षकांनी आयपॉडच्या बाजूने कौल दिला. त्यांची कारणे थोडक्यात अशी. झून जाड आणि जड होता : आयपॉडचे वजन सुमारे १३५ ग्रॅम, झूनचे सुमारे १६०. पडदा मोठा असला तरी त्यावरील चित्रबिंदूंची संख्या तीच, ३२० गुणिले २४०. एका आवृत्तीचा तपकिरी रंग तर थट्टेचा विषय झाला. गाणे विकत घेण्यासाठी पैशांऐवजी ‘पॉइंट’ मोजावे लागत. ८० पॉइंटना एक डॉलर आणि गाण्याला ७९ पॉइंट, असा तो व्यवहार होता. दरमहा सुमारे १५ डॉलर भरून हवी तितकी गाणी ऐकण्याची सोय होती, परंतु वर्गणी थांबली की गाणीही थांबणार, म्हणून ती भाड्याची म्हणून गणली गेली.

झून बाजारात टिकला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याचे उत्पादन संपल्याचे जाहीर झाले, आणि १५ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याची गाण्यांची सेवाही बंद पडली. उत्तर बरोबर आले. आता रीत तपासू.

तपकिरी रंगामुळे आणि पंचवीस ग्रॅमांमुळे झून हरला असे मानणे कठीण आहे. २००७ च्या नोव्हेंबरात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने असे बरेच दोष दूर केले, तरी चित्र पालटले नाही. वर्गणीच्या मुद्द्यावर तर काळाने परीक्षकांना साफ खोटे ठरविले. ‘गाणी भाड्याने कोण घेणार?’ हा तेव्हाचा बिनतोड वाटणारा प्रश्न होता. स्पॉटिफाय २००८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, आणि जून २०१५ च्या अखेरीस खुद्द ॲपलने वर्गणीची संगीतसेवा आणली. झूनची सेवा बंद होण्याच्या साडेचार महिने आधी. आज गाणे ऐकण्याची सर्वसाधारण रीत तीच आहे. म्हणजे ज्या गुणाला दोष म्हटले गेले, त्याचाच स्वीकार विजेत्याने केला.

माझ्या मते एकच आक्षेप असा होता की जो आजही जसाच्या तसा उभा राहतो. तो बिनतारी जोडणीविषयीचा आहे. झूनजवळ दुसरा झून आला की एकातून दुसऱ्यात गाणे पाठविता येई. कल्पना सुंदर होती. परंतु पाठविलेले गाणे तीन दिवसांत तीनदाच ऐकता येई; नंतर ते मुके होई. आणि ही अट सरसकट होती. कोणी आपल्या आजीच्या आवाजातील ओवी ध्वनिमुद्रित करून भावाच्या झूनमध्ये घातली असती, तरी भावाला ती तीनदाच ऐकू आली असती. जिच्यावर कोणाही कंपनीचा हक्क नाही अशा वस्तूवरही यंत्र पहारा करीत होते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी दिवसांची मर्यादा गेली, तीनदा ऐकण्याची राहिली. गाणे देण्याघेण्याचा जो गुण जाहिरातीत अग्रभागी होता, त्यालाच आतून टाळे लावलेले होते.

स्टीव्ह जॉब्झ यांनी २००६ मध्येच एका मुलाखतीत याची खिल्ली उडविली होती. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा की एवढे सोपस्कार होईपर्यंत समोरची मुलगी उठून निघून जाईल. त्यापेक्षा आपल्या कानातील एक बोंडी काढून तिच्या कानात घालावी. प्रतिस्पर्ध्याचा टोमणा म्हणून हे चटकदार आहे. पण त्यात इतिहासाचा एक धागा आहे, जो बहुधा त्यांच्याही मनात नसेल. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन विक्रीस आला तेव्हा त्याला हेडफोनची दोन छिद्रे होती, आणि ऐकताऐकता एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक बटणही होते. खिशातील संगीत एकट्याचे असेल, हे त्याच्या कर्त्यांना अवघड वाटले असावे. पुढे ते बटण गेले, दुसरे छिद्रही गेले. संगीत खिशात शिरले आणि एकटे झाले. झूनने ती दुसरी जागा पुन्हा निर्माण करण्याचा प्रयत्न केला, आणि तीन दिवसांच्या अटीपायी तो स्वतःच हाणून पाडला.

येथे तुलनेचा दुसरा पक्षही पाहिला पाहिजे. आयपॉडच्या दुकानातून घेतलेले गाणेही तेव्हा कुलूपबंदच होते. ते दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर वाजत नसे. ॲपलने आपल्या दुकानातील सारी गाणी कुलूपमुक्त करण्याचे जानेवारी २००९ मध्ये जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने तर झूनच्या आधी इतर कंपन्यांच्या यंत्रांसाठी जी कुलूपपद्धत आणली होती तिचे नाव ‘प्लेज-फॉर-शुअर’ होते, म्हणजे ‘नक्की वाजेल’. त्या पद्धतीची गाणी झूनवर वाजत नसत. स्वतःच्याच वचनाचा असा भंग झाल्यावर ग्राहकाने नव्या वचनावर विश्वास का ठेवावा? परीक्षकांपैकी ज्यांनी हा मुद्दा मांडला त्यांची रीत बरोबर होती, असे म्हणता येईल. वस्तूत काय काय आहे याच्या यादीपलीकडे जाऊन, ही वस्तू आपल्याशी कोणते नाते जोडू पाहते, हे त्यांनी विचारले.

झून भारतात अधिकृतपणे कधीच विकला गेला नाही; अमेरिका आणि पुढे कॅनडा एवढीच त्याची बाजारपेठ. आपल्याकडे त्या सुमारास एका सीडीवर शंभरदीडशे एमपीथ्री गाणी रस्त्यावर मिळत, आणि थोड्याच काळात मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकाने गावोगाव निघाली. कायद्याच्या दृष्टीने त्यांतील बरेचसे अवैध होते, हे मान्य. परंतु ‘गाणे म्हणजे दुसऱ्याला द्यायची गोष्ट’ ही लोकांची समजूत त्यातून दिसते. तीन दिवसांची अट लिहिणाऱ्यांनी या समजुतीची गणना केली नव्हती. पुस्तक उसने देण्याघेण्यावर ज्याचे वाचन पोसले गेले, अशा कोणाही विद्यार्थ्याला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

राहता राहिला विजेत्याचा प्रश्न. एप्रिल २००७ पर्यंत दहा कोटी आयपॉड विकले गेले होते. त्याच वर्षी ॲपलने आयफोन आणला, आणि गाणी वाजविणारे स्वतंत्र यंत्रच हळूहळू अनावश्यक होत गेले. आयपॉडची विक्री २००८ मध्ये शिखरावर पोहोचली व मग उतरू लागली. १० मे २०२२ रोजी शेवटचा आयपॉडही बंद करण्यात येत असल्याचे जाहीर झाले. म्हणजे झून आयपॉडकडून हरला हे अर्धसत्य आहे. ज्या स्पर्धेचा निकाल परीक्षक देत होते ती स्पर्धाच संपत आली होती. उलट झूनच्या पडद्यावरील मोठ्या, निरलंकृत अक्षरांची मांडणी मायक्रोसॉफ्टच्या २०१० च्या फोनमध्ये आणि त्यानंतरच्या विंडोजमध्ये शिरली. हरलेल्या कृतीचा वंश असा कधीकधी दुसऱ्या घरात वाढतो.

३१ डिसेंबर २००८ रोजी ३० गिगाबाइटचे झून एकाएकी गोठले. ते लीप वर्ष होते, आणि वर्षाचा ३६६ वा दिवस आला तेव्हा काय करायचे, हे आतील घड्याळाच्या आज्ञावलीत नीट लिहिलेले नव्हते. ती एकाच फेऱ्यात अडकून पडली. बॅटरी उतरू द्यावी आणि नवे वर्ष उजाडले की यंत्र पुन्हा सुरू करावे, असा उपाय होता. त्या आज्ञावलीचा हिशेब बहुतेक सर्व दिवशी बरोबरच येत होता.

माल्डा यांचा शेरा आणि झूनचे परीक्षण यांत कोणते निकाल अधिक चांगले, असे विचारले तर मी माल्डा यांच्या शेऱ्याला हसणार नाही, आणि झूनच्या परीक्षकांना सरसकट पूर्ण गुणही देणार नाही. पहिल्याने अपुऱ्या मापाने प्रामाणिक मोजणी केली. दुसऱ्यांपैकी अनेकांनी विजेत्याचे माप हाती घेतले आणि ते विजेत्याला बरोबर बसले, यात नवल नव्हते. विक्रीचे आकडे निकालाची तारीख सांगतात, निकालाची कारणे सांगत नाहीत. ती शोधायची तर जुन्या परीक्षणांकडे परत जावे लागते, आणि कोणाची रीत कोठपर्यंत बरोबर होती हे ओळीओळीने पाहावे लागते. आपल्या वर्गांत वाङ्मयाचा इतिहास शिकविताना हे काम आपण किती वेळा करतो, एवढाच प्रश्न शेवटी उरतो.