चरखी दादरी : पडद्यावर न दिसलेला अक्ष

द्विमितीय संगणकीय खेळात दोन आयतांची टक्कर ओळखण्याचा नियम सोपा आहे. आडव्या आणि उभ्या, दोन्ही अक्षांवर त्यांच्या व्याप्ती एकमेकींवर आल्या तरच टक्कर. एका अक्षावर फट उरली तरी पुरे. आकाशात उंचीचा तिसरा अक्ष जोडला जातो.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी संध्याकाळी दिल्लीच्या हवाई नियंत्रकाच्या पडद्यावर नेमका हाच अक्ष नव्हता. प्राथमिक रडार विमानाची दिशा व अंतर दाखवी. उंची वैमानिकाने सांगावी तेव्हा कळे. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचा मार्गही एकच होता. सौदी बोइंग ७४७ ला १४,००० फुटांची, तर कझाक इल्युशिन-७६ ला १५,००० फुटांची मर्यादा दिलेली होती. हजार फुटांच्या या फटीवर सारी भिस्त होती. कझाक विमान ठरल्या उंचीखाली उतरले आणि हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन्ही विमाने आदळली. ३४९ जण मृत्युमुखी पडले. एकही वाचला नाही.

न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने चौकशी केली. पुढे येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे दुय्यम रडार आले आणि विमानांत टक्करप्रतिबंधक यंत्रणा सक्तीची झाली. ही यंत्रणा समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरकडून उंची मिळवते, अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागून उरलेले सेकंद काढते आणि दोन्हींकडे ती असल्यास एकाला वर, दुसऱ्याला खाली जाण्यास सांगते.

खेळात टक्कर घडल्यावर ओळखली तरी चालते. आकाशात ती घडण्यापूर्वीच ओळखावी लागते.