गाठीवर खूण, हातावर नाही

वऱ्हाडचा इतिहास म्हणजे कापसाचा इतिहास, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण तो कुणाच्या वहीतून लिहिला गेला, हे सहसा कुणी विचारत नाही. राजापेठेत राहून महाविद्यालयात इतिहास शिकवताना मला हा प्रश्न टाळता येत नाही. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचणारा मी पहिला. माझ्या आधीच्या पिढ्यांनी कापूस वेचला आणि एकाही वहीत त्यांचे नाव नाही. आज जगभर कंपन्यांना विचारले जाते की, तुमचा माल कुठून आणि कुणाच्या हातून येतो ते उघड करा. मागणी नवी वाटते. परंतु मालाचा माग काढण्याची विद्या वऱ्हाडात शंभर वर्षांची जुनी आहे.

1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि त्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. 1867 पर्यंत लोहमार्ग नागपूरला भिडला. कापसात माती व सरकी मिसळली, पाणी मारून वजन वाढवले, तर नुकसान खरेदीदाराचे होई. म्हणून 1863 साली मुंबई सरकारने कापसातील भेसळीविरुद्ध कायदा केला. 1897 साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. देशातील नियंत्रित बाजाराचा तो आरंभ म्हणून गौरवला जातो. पण त्याच्या समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचे होते.

पुढे 1925 साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक बंधनकारक झाला. गाठ कुणासाठी दाबली त्याचे नाव वहीत आले. दाबलेल्या गाठींचे साप्ताहिक आकडे सरकारला जाऊ लागले. परदेशातल्या गिरणीत गाठ फोडल्यावर माती निघाली, तर वऱ्हाडातल्या प्रेसपर्यंत बोट दाखवता येईल अशी ही व्यवस्था होती. तंत्र होते, इच्छाही होती. कारण प्रश्न भांडवलाच्या नुकसानीचा होता.

माणसाच्या बाबतीत काय घडले? 1881 च्या फॅक्टरी कायद्याने वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले. जिन हा हंगामी धंदा. साहजिकच तिथे रुईच्या धुळीत राबणाऱ्या बायामुले कायद्याबाहेर राहिली. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यायला 1911 उजाडावे लागले. सरकीच्या कणाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला मजुराच्या फुप्फुसाचा हिशेब नको होता.

आणि या मौनात जात दडलेली होती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाईच्या खात्यात प्रवेश नव्हता. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यातून विटाळ होतो, हे कारण. चांगला पगार त्याच खात्यात होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला. ज्या कापडाचा धागा अस्पृश्याच्या हातचा चालत होता, त्याच कापडाच्या मागावर त्याचा श्वास चालत नव्हता! गाठीवरची कोणती खूण हे सांगणार होती?

आता वर्तमानाकडे येऊ. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. तिथे कोणत्या कंपन्यांचे कपडे शिवले जात होते, हे ढिगाऱ्यातली लेबले शोधून सिद्ध करावे लागले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी आपल्या कारखान्यांच्या याद्या जाहीर केल्या, आणि 2019 पासून अशी नावे-पत्ते एका खुल्या जागतिक नोंदवहीत कुणालाही पाहता येतात. आपल्याकडे सेबीने 2022-23 पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. 'कस्तुरी कॉटन' योजनेत गाठीला क्यूआर खूण लागते. म्हणजे 1925 ची खूण संगणकावर गेली.

पण वहीचे रकाने पाहा. सेबीच्या अहवालात कामगारांची विभागणी स्त्री-पुरुष आणि अपंगत्व यांनुसार होते; जातीचा रकाना नाही. शेअर बाजारात न नोंदलेल्या जिनला तो अहवालच द्यावा लागत नाही. आणि किलोवर मजुरी घेणारी वेचणारी बाई या साखळीची पहिली कडी असूनही कागदावर अस्तित्वात नाही.

माहिती खुली झाली म्हणजे न्याय झाला, असा भाबडा समज मी बाळगत नाही. मजुरांची नावेच जाहीर केली, तर त्यांना मालकाच्या रोषापुढे उभे केल्यासारखे होईल. खुली हवी ती मालकांची नावे, मजुरीचे दर, अपघात, तपासणीचे निष्कर्ष आणि कोणत्या कामावर कोणत्या समाजाची माणसे आहेत त्याची बेरीज. 2005 चा माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी एकेका तालुक्यातील जिनची यादी करावी, कारखाने निरीक्षकांच्या तपासण्या मागाव्यात, वेचणीचे दर गावोगाव नोंदवावेत. कार्यकर्त्यांनी ते आकडे चावडीवर वाचून दाखवावेत.

ज्यांनी वही लिहिली त्यांनी रकाने ठरवले, आणि ज्यांनी रकाने ठरवले त्यांनीच कुणाला माणूस म्हणून मोजायचे ते ठरवले. आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीने केवळ ती वही वाचून थांबू नये. रकाना आखण्याचा अधिकार मागावा.