कयाक
कयाक : दोन्ही टोकांना निमुळती, अरुंद व हलकी नौका. नाविक पाय समोर पसरून बसतो आणि दुपाती वल्हे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूस चालवतो. कनू या तशाच नौकेचे वल्हे मात्र एकपाती असते. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट व अल्यूट लोकांनी शिकारीसाठी लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती घडवली. आज ती बहुधा प्लॅस्टिकची वा फायबरग्लासची असते. १९३६ पासून कयाक-शर्यती ऑलिंपिकमध्ये आहेत.

प्रकार व उपयोग : (१) उघड्या बैठकीची कयाक रुंद व स्थिर असते, उलटली तरी नाविक आत अडकत नाही. नवशिक्यांना व मासेमारीला ती सोयीची. (२) सागरी कयाक लांब असून सरळ रेषेत वेगाने जाते. सामानासाठी तिच्यात बंद कप्पे असतात. (३) खळाळत्या पाण्याची कयाक आखूड असून चटकन वळते. तिच्यात नाविकाच्या कमरेभोवती जलरोधक आवरण बसवतात. नौका उलटली, तर वल्ह्याच्या आधाराने व कमरेच्या झटक्याने ती सरळ करता येते. (४) हवा भरायची कयाक घडी करून नेता येते.

महाराष्ट्रात : कोलाड (जि. रायगड) येथे वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यामुळे कुंडलिका नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, तेथे खळाळत्या पाण्यातील कयाकिंग चालते. पवना जलाशय व तारकर्लीची खाडी संथ पाण्यातील सफरीसाठी परिचित आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावसारख्या जलाशयाच्या संथ पाण्याला उघड्या बैठकीचा प्रकार अनुरूप ठरतो. पोहता येत असले, तरी जीवरक्षक जाकीट आवश्यकच.