उभ्याने काम, पायात गाठी

घाटकोपरच्या साडीच्या दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या विक्रेतीला पोटरीवरच्या निळ्या, पिळदार शिरा चांगल्याच ठाऊक असतात. रक्त वर नेणाऱ्या शिरेतल्या झडपा सैल पडल्या की ते खाली साचतं. १८९० च्या सुमारास जर्मन सर्जन ट्रेन्डेलेनबर्गने मांडीतली शीर बांधून हा उलटा प्रवाह अडवला. १९०७ मध्ये अमेरिकेत बॅबकॉकने तार घालून अख्खी शीरच ओढून काढली. आता लेझर ती आतूनच बंद करतो. पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी. पण परत उभं राहायचं तिथेच. केरळच्या कापड दुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी लढल्या. २०१८ मध्ये तिथे तसा कायदा झाला. ऑपरेशन शीर बंद करतं, स्टूल मालकानेच द्यावं लागतं.