कोवळी ज्वारी आणि काठेवाडी बाबाचा नियम

पावसाने ओढ दिली की मला माझी एक जुनी चूक आठवते. आपला नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, त्याच्या आसपासची गोष्ट.

ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि पाऊस थांबला. पानं सुरळीसारखी वळली. म्हटलं, दाणा तर येत नाही, निदान दुभत्या गाईच्या पोटात तरी जाईल. बांधावरून गीर गाईंचा कळप घेऊन एक म्हातारा काठेवाडी चालला होता. तो थांबला. म्हणे, "पाटील, यात गाय सोडू नका. फुलोरा येऊ द्या, नाहीतर कापून चांगलं वाळवा." मला वाटलं, याला स्वतःच्या गाई घालायच्या असतील. मी गाय सोडली. थोड्याच वेळात ती धापा टाकायला लागली, पाय लटपटले, आडवी झाली. डॉक्टर येईपर्यंत खेळ संपला. घरातलं रोजचं सहा लिटर दूध त्या दिवशी बंद झालं. चूक माझीच.

ही काठेवाडी मंडळी सौराष्ट्रातली. तिकडे दुष्काळ पडला की चाऱ्यापाण्यासाठी गाई घेऊन खान्देशात उतरायची. 1899-1900 चा मोठा दुष्काळ, संवत 1956 म्हणून 'छप्पनिया', गुजरातेत अजून विसरलेले नाहीत. ज्याची सगळी संपत्ती चार पायांवर चालते, तो कोणतं पान कधी विषारी हे जनावर गमावूनच शिकतो आणि पोराला सांगून जातो.

शास्त्राला हे कधी कळलं? 1902 मध्ये डनस्टन आणि हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी इजिप्तमधल्या कोवळ्या ज्वारीतून विषाचं मूळ शोधलं. नाव दिलं 'धुरिन', ज्वारीच्या अरबी नावावरून. पान चावलं गेलं की त्यातून सायनाइड सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. कोवळं पीक, पाण्याचा ताण पडलेलं पीक आणि कापणीनंतरचे फुटवे, यांत विष जास्त. म्हणजे बाबाचा नियम अगदी बरोबर होता.

पण जुनं ते सगळं पुरेसं होतं, असंही नाही. बुळकांडी आली की पशुपालक कळप वेगळा काढत, आजारी ढोरांचा पाणवठा टाळत. एवढं कळत होतं, पण इलाज नव्हता. गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा 1889 मध्ये पुण्यात सुरू झाली, पुढे मुक्तेश्वरला गेली. लस गावोगावी पोचली तेव्हा रोग हटला. 2006 मध्ये भारत आणि 2011 मध्ये सगळं जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. ते काम झाडपाल्याने झालं नसतं.

म्हणून माझा हिशोब साधा आहे. रोग होऊ नये म्हणून पाहायची नजर पशुपालकाकडून घ्यायची, लस आणि इंजेक्शन डॉक्टरकडून. ज्वारी फुलोऱ्याआधी चारायची नाही. उपाशी जनावर तिच्या जवळही न्यायचं नाही. बाधा दिसली तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच डॉक्टरला फोन करायचा. सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन शिरेतून वेळेत मिळालं तर जनावर वाचू शकतं.

यंदा बांधावरून कोणी काठेवाडी काही सांगत गेला, तर त्याला चहा पाजा आणि ऐकून घ्या. मी ऐकलं नव्हतं.